खुबा मोडल्यावर कोणाची वाट पाहायची?

आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ‘पडल्या’ हा शब्द दबक्या आवाजातच उच्चारला जातो. न्हाणीघरात पाय सरकतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि दवाखान्यात पोचल्यावर नातेवाइकांची खलबतं सुरू होतात. मुलगा अमेरिकेहून निघालाय, तो येऊ दे. उद्या अमावास्या आहे. आणखी एका डॉक्टरांचं मत घेऊ. कॅशलेसची मंजुरी यायचीय. तोवर आजी पायाला वजन बांधून पाठीवर पडलेल्या!

याला काळजी म्हणायला मी तयार नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०११ मध्येच सांगून ठेवलंय, की दाखल केलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत गुठळी होते, पाठीला जखमा होतात. आणि कालपर्यंत शब्दकोडं सोडवणारं माणूस रात्री भ्रमात बडबडू लागतं.

मग पोचल्या पोचल्याच टेबलावर घ्यावं का? तेही तपासून झालंय. १७ देशांतल्या २९७० रुग्णांवरचा अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. भारतातले रुग्णही त्यात होते. काहींची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण ६ तासांत, बाकीच्यांची साधारण २४ तासांत. मृत्यूंच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. लवकर केलेल्यांना भ्रम मात्र कमी झाला, ते उभेही लवकर राहिले. पण नीट वाचा हं, तुलना २४ तासांशी होती. आपल्याकडच्या चार-पाच दिवसांशी नव्हे!

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदय दमलेलं असेल, हिमोग्लोबिन फार उतरलं असेल, तर डॉक्टर ते सावरायला वेळ घेतात. तो घ्यावाच. त्या यादीत अमावास्या नाही, एवढंच माझं म्हणणं.

आम्ही दोघांनी आपापल्या गोळ्यांची नावं, पॉलिसीचा नंबर आणि संमतीची सही कोणी करायची, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. परदेशातल्या मुलांनी फोनवरच ‘करा’ म्हणावं. त्यांची रजा नंतर कामी येते, आईला वॉकर धरून रोज अंगणापर्यंत चालवताना.