कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ

राहुरी तालुक्यांतील शेतकरी व कारागीर बांधवांस आमचा एक रोकडा सवाल आहे. मुळा धरणांत पाणी किती आलें, हें तुम्ही पावसाळाभर रोज विचारतां. पण तें पाणी ज्या डोंगरांवरून येतें, त्या डोंगरांवर झाड किती राहिलें, हें कधीं विचारलें आहे काय? मुळा उगम पावते ती अकोलें तालुक्यांत, हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या डोंगरांत. तेथें झाडाचीं मुळें माती धरून ठेवतात, पाला तिला झांकतो, आणि पावसाचें पाणी जमिनींत मुरून हळूहळू नदीस येतें. झाड गेलें कीं तेंच पाणी माती घेऊन एका दिवसांत धांवतें. बारागांव नांदूर येथें सुमारें २६ टीएमसीचें धरण बांधलें खरें. पण रांजणाच्या तळाशीं गाळ बसला तर पाणी कमी मावतें, हें घरांतलें पोरही जाणतें. डोंगरावर घातलेला घाव खालीं आपल्या उसावर आणि कांद्यावर बसतो.

यावर शहाणे लोक म्हणतात, "रान गरिबांनींच खाल्लें, बायकांच्या मोळ्यांनीं डोंगर बोडके झाले." ही लबाडी आहे! बाईच्या डोक्यावर येतें तें वाळलेलें सरपण. उभीं खोडें गेलीं तीं रेल्वेच्या रुळांखालीं आणि ठेकेदारांच्या वखारींत. १८७८ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें रानें राखून ठेवलीं, तीं रानासाठीं नव्हे, लांकडासाठीं. डोंगर आणि गायरान जंगलखात्याच्या घशांत गेल्यानें गरिबाच्या गाईबकऱ्यांस चरावयास जागा उरली नाहीं, हें गाऱ्हाणें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना मांडलें. इंग्रज गेला, पण त्याचा १९२७ चा जंगल कायदा दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे, आणि त्यामागची नजर तर मुळींच बदललेली नाहीं.

मुंबईंत आरे येथें ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीं मेट्रोच्या कारशेडसाठीं कुऱ्हाड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानें ७ तारखेस ती थांबविली, तोंवर दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं होतीं. गडचिरोलींत एटापल्लीच्या रानांत लोखंडाच्या खनिजासाठीं सुमारें ९३७ हेक्टर जंगल वळतें करण्यास २०२५ सालीं केंद्राकडून मंजुरी मिळाली; तेथें तोडावयाचीं झाडें लाखाच्या वर आहेत. मोळीला दंड आणि खाणीला परवाना, हा कोणता न्याय? वर सांगतात, "दुसरीकडे रोपें लावूं." शंभर वर्षांचें हिरड्याचें झाड आणि खड्ड्यांत खोंचलेली काडी यांचें मोल एक धरणाऱ्यास आमचे सावकारही हंसतील!

आणि रान म्हणजे केवळ झाडी नव्हे. आपल्या जिल्ह्याचें माळरान कागदांवर ‘पडीक’ ठरविलें आहे. ज्या माळावर धनगराचीं मेंढरें, कळवीट आणि लांडगे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तो पडीक कसा? माळढोकासाठीं १९७९ सालीं सोलापूर व या जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें. पण माळ नांगरले गेले, तुकडे पडले, आणि आज महाराष्ट्रांत माळढोक दिसणें जवळजवळ बंद झालें आहे. उलट बिबट्या आपल्या उसांतच जन्मतो आणि वाढतो. अकोलें भागांतील शेतमुलखांत दर १०० चौरस किलोमीटरांस सुमारें ५ प्रौढ बिबटे असल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें. त्याची किंमत भरतो रात्रीं पाणी धरणारा शेतकरी आणि ऊसतोडणीवाल्याचें लेकरूं. जनावर पकडून दुसऱ्याच्या गांवाशेजारीं सोडणें हा इलाज नव्हे. दिवसा वीज द्या, पक्के गोठे द्या, भरपाई वेळेवर द्या, ही मागणी आपण एकजुटीनें केली पाहिजे.

आतां आपलेंही माप आपल्या पदरांत घालूं. बांधावरचा लिंब आणि ओढ्याकांठची बाभूळ चार नोटांसाठीं वखारवाल्याच्या ट्रकांत कोण चढवितो? आपलाच भाऊ! मग सुताराला औजाराचें लांकूड बाजारांतून विकत घ्यावें लागतें, शेळीला पाला मिळत नाहीं, ओढ्याची दरड दरसाल शेतांत सरकते, आणि बैलाला दुपारीं सावली उरत नाहीं. पैसे महिनाभरांत संपतात. बांध जन्मभर उघडा राहतो.

उपाय दूर नाहीं. याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारानें कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, आणि दुष्काळी गांवांत पाणी व गवत परत आलें. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गांवानें २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतःचा बांबू विकते. रान राहिलें, दामही आला. तेव्हां बांधवहो, पुढच्या ग्रामसभेंत उठून विचारा : २००२ च्या कायद्याची जैवविविधता समिती आपल्या गांवीं कागदावर आहे कीं जिवंत? गांवच्या झाडांची नोंदवही कोठें आहे? गायरान कोणाच्या ताब्यांत आहे? कुऱ्हाडबंदीचा ठराव करा. आणि मुळेच्या उगमाकडे हिरडा वेंचून पोट भरणारे महादेव कोळी व ठाकर बांधव वनहक्क मागतील, तेव्हां त्यांच्या पाठीशीं उभे राहा. त्यांचें रान म्हणजे आपलें पाणी आहे.

कुऱ्हाडीचें पातें परक्याचें असलें, तरी दांडा आपल्याच रानांतला आहे. तो तेवढा आपण काढून घेऊं. नुसत्या लोखंडानें झाड तुटत नाहीं!