बाग लावल्यानंतरचे दोन महिने

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला आमच्या एका स्नेह्यांच्या नव्या बंगल्याचा गृहप्रवेश झाला. आदल्या दोन दिवसांत अंगणभर हिरवळीचे तयार पट्टे अंथरले गेले, कुंपणालगत पुरुषभर उंचीची झाडे उभी राहिली आणि समारंभाच्या दिवशी त्याच हिरवळीवर खुर्च्या मांडून पाहुण्यांची पंगत बसली. सर्वांनी बागेचे मनापासून कौतुक केले. महिन्याभराने पुन्हा जाणे झाले तेव्हा निम्मे गवत पिवळे पडून पट्ट्यांच्या कडा उचलल्या होत्या आणि यजमान रोपवाटिकेच्या माणसावर रागावले होते. मी काही बोललो नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच केले होते, आणि माझे नुकसान केवळ पैशांचे नव्हते.

निवृत्तीनंतर सांगलीत आम्ही लहानसे घर बांधले. आईला तेव्हा त्र्याऐंशी वर्षे झाली होती. जुना वाडा विकला तेव्हा दारातला सोनचाफा मागे राहिला, त्याची रुखरुख तिला होती. नव्या घरात खिडकीसमोर चाफा असावा, एवढीच तिची मागणी. मी कलमी रोप आणले, खोल खड्ड्यात लावले, भक्कम राहावे म्हणून खोडाभोवती वीतभर माती चढवली, वर मूठभर युरिया घातला आणि सकाळ-संध्याकाळ पाइप सोडू लागलो. पाने पिवळी पडू लागली, तसे पाणी वाढवले. आठव्या आठवड्यात रोप गेले. उपटून पाहिले तो मुळे काळी पडून कुजलेली आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलेले. ‘ऊन फार होतं रे यंदा,’ एवढेच आई म्हणाली. उन्हाचा काहीही दोष नव्हता. कर्ज मंजूर करणे सोपे, खरे काम त्यानंतरच्या देखरेखीचे, असे मी नवख्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. स्वतःच्या अंगणात तेवढे विसरलो.

रोपवाटिकेतील रोपाची सारी मुळे पिशवीतल्या लाल मातीच्या गोळ्यात असतात. आपण तो गोळा कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट मातीत ठेवतो. काळी माती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात खणलेला गुळगुळीत भिंतींचा खड्डा म्हणजे एक हौदच होतो. म्हणून खड्डा खोल घेण्यापेक्षा रुंद घ्यावा, त्याच्या बाजू पहारीने खरवडून घ्याव्यात, पिशवी पूर्णपणे काढावी आणि गोळ्याचा माथा जमिनीहून दोन बोटे वरच ठेवावा. खोडावर माती चढवू नये. कलमाचा जोड तर मातीत कधीच जाऊ देऊ नये. खत पहिला महिनाभर नकोच, कारण जखमी मुळांना युरिया जाळतो. आळ्यात उसाचे पाचट दोन-तीन इंच पसरावे, मात्र खोडापासून वीतभर अंतर सोडून. सांगलीकरांना पाचट कोठून आणावे हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पाण्याचा निर्णय घड्याळावर सोपवू नये. पहिले पंधरा दिवस पाणी बुंध्याजवळच, त्या गोळ्यावर आणि हळूहळू द्यावे, कारण मुळे अजून बाहेर पडलेली नसतात. पुढे आळे रुंद करीत जावे आणि दोन पाण्यांतील अंतर वाढवावे. पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. दुपारी माना टाकलेली पाने सायंकाळी सावरली, तर तो केवळ उन्हाचा ताण. पहाटेही ती मलूल असतील आणि माती कोरडी लागली, तर रोप तहानलेले आहे. पण माती ओली असून पाने मलूल असतील, तर मुळे गुदमरत आहेत. अशा वेळी घातलेला प्रत्येक तांब्या घातक ठरतो. माझ्या चाफ्याला मी असे किती तांबे घातले, याचा हिशेब न केलेलाच बरा.

हिरवळीचा आरंभ याहून वेगळा. पट्ट्याखाली जेमतेम इंचभर माती असते, म्हणून पहिले दहा-बारा दिवस ती सुकता कामा नये; कडक उन्हात दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी लागते. या काळात त्यावर चालणेही टाळावे, मग पंगतीची गोष्ट दूरच. पंधरवड्यानंतर एका पट्ट्याचा कोपरा हलकेच उचलून पाहावा. तो सहज उचलला न जाता ओढ देऊ लागला, म्हणजे मुळे खालच्या जमिनीत शिरली. तेथून पुढे रोजचे शिंपण थांबवून आठवड्यातून दोन-तीनदा भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. अंदाजासाठी हिशेब असा : 500 चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे 1,180 लिटर. रुजलेल्या हिरवळीला साधारणपणे आठवड्याला एवढे पुरते. वैशाखात अधिक लागते, पावसाळ्यात बहुधा काहीच नाही. आपल्या पाइपाने 15 लिटरची बादली किती वेळात भरते ते एकदा पाहून ठेवले, की पुढचा गुणाकार कोणीही करील. पहिली कापणी मुळे धरल्यावरच करावी, धारदार पात्याने, आणि उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक गवत एका वेळी कापू नये. हरळीच्या जातीच्या गवताला पाच-सहा तास ऊन हवेच. आंब्याच्या दाट सावलीत ते लावून पुन्हा पुन्हा पैसे खर्चण्यात अर्थ नाही.

औषधफवारणीविषयी पुष्कळदा विचारणा होते, कारण आपल्या घरांत ती मनाला पटत नाही. माझा अनुभव असा, की पहिल्या दोन महिन्यांतील पिवळेपणा बहुतेक वेळा किडीचा नसून पाण्याचा असतो. पाणी सकाळी द्यावे, गवत रात्रभर ओले राहू देऊ नये, म्हणजे बुरशी कमी होते. पाणी साचू न दिल्याने डासांची उत्पत्तीही टळते. पानांना चार छिद्रे पडल्याने रोप मरत नाही.

दुसरा चाफा मी आषाढात लावला, दोन चांगले पाऊस होऊन जमीन निवल्यावर. त्याची पहिली तीन फुले आईने पाहिली. त्यांतले एक तिने उशाशी ठेवले होते.

आमच्या स्नेह्यांनाही मी आषाढापर्यंत थांबण्यास सुचविले आहे. त्यांनी ते मान्य केले. फक्त श्रावणात नातवाचे बारसे आहे, तेव्हा खुर्च्या कोठे मांडाव्यात, असे विचारीत होते. गच्चीवर, असे मी सांगितले.