मी ठणठणीत आहे, मग विमा कशाला?

"डॉक्टर, एक विनंती होती. तेवढं पेपरवर शुगर लिहू नका."

ही विनंती मी वर्षातून बऱ्याचदा ऐकतो. मागच्या महिन्यात ती करणारे गृहस्थ ४४ वर्षांचे होते. पायाची जखम भरत नव्हती म्हणून रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर २१० निघाली. घरी गेल्यावर पत्नीने विचारलं, "आपला मेडिक्लेम आहे ना?" नव्हता. एजंटला फोन केला, तर तो म्हणाला, "डॉक्टरांना सांगा, रिपोर्टचं काही लिहू नका. आधी पॉलिसी काढून घेऊ." म्हणून ते माझ्याकडे आले.

मी नकार दिला. खोटं लिहायचं नाही हे एक कारण, पण त्यात त्यांचंच नुकसान होतं हे दुसरं. उद्या ते रुग्णालयात दाखल झाले की तिथला तरुण डॉक्टर विचारणारच, "शुगर कधीपासून आहे?" छातीत दुखत असताना माणूस खरंच सांगतो. ते उत्तर केसपेपरवर लिहिलं जातं आणि विमा कंपनी तो केसपेपर वाचते. आजार लपवला म्हणून दावा नाकारला जातो, भरलेले हप्तेही कामी येत नाहीत.

याच गृहस्थांना काही वर्षांपूर्वी मी विम्याबद्दल विचारलं होतं. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "मला काय धाड भरलीय?"

माझं मत सांगतो. आरोग्य विमा नुसत्या पैशाने मिळत नाही, तो तब्येतीवर मिळतो. पैसा पन्नाशीत जास्त असेल, तब्येत तशीच असेल याची खात्री नाही. म्हणून विमा घेण्याची योग्य वेळ म्हणजे त्याची गरज वाटत नाही ती वेळ.

"मी निरोगी आहे" या वाक्याचा अर्थ बरेचदा "मी तपासून घेतलेलं नाही" एवढाच असतो. रक्तदाब वाढला तरी अनेकांना काहीच जाणवत नाही. मधुमेह वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आणि जे खरोखर निरोगी आहेत, त्यांनाही डेंग्यू होतो, अपेंडिक्सला सूज येते, दुचाकीवरून पडून मांडीचं हाड मोडतं. रोज चाला, तंबाखू सोडा हे मी सांगतोच. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

विम्याचे नियमही निरोगी माणसाच्याच सोयीचे आहेत. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस साधारणपणे फक्त अपघाताचा खर्च मिळतो. हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयातील खडे अशा शस्त्रक्रियांसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये ठरावीक काळ थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारासाठी ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकते. २०२४ पूर्वी ती ४ वर्षं होती. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही. ही सगळी वाट आजारपणात पाहण्यापेक्षा धडधाकट असताना पाहिलेली बरी.

"दरवर्षी हप्ता जातो, हाती काहीच येत नाही," असं लोक म्हणतात. पण वर्षभर चोर आला नाही म्हणून सोसायटीच्या वॉचमनचा पगार वाया गेला असं आपण म्हणतो का?

"तेच पैसे बँकेत टाकले तर?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. बचत हवीच, ताप-खोकला, तपासण्या असे छोटे खर्च त्यातूनच करावेत. पण मोठी रक्कम साठायला वर्षं लागतात आणि आजार तेवढं थांबत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मंगळसूत्र गहाण टाकायचं की एफडी मोडायची याची चर्चा करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी आदल्या आठवड्यापर्यंत "निरोगी" होती.

नोकरीतला विमा चांगला, पण नोकरी गेली की सहसा तोही जातो. हप्ता परवडत नसेल, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती आधी घ्या. आता ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. मात्र ठरलेले उपचार आणि योजनेतली रुग्णालयं एवढीच तिची मर्यादा. त्यामुळे आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे हे आजच विचारून ठेवा.

पॉलिसी घेताना तीन गोष्टी करा. अर्ज स्वतः भरा. एजंटने सगळीकडे "नाही" लिहिलेल्या कागदावर सही करू नका. रक्तदाबाची गोळी, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, तंबाखू, सगळं लिहा. आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का ते वाचा. त्यापेक्षा महाग खोली घेतली तर बाकीच्या बिलालाही कात्री लागू शकते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, तेवढा भारही हलका झाला.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. त्यांनी अर्जात मधुमेह लिहिला. पॉलिसी मिळाली, पण हप्ता जास्त आणि मधुमेहाशी संबंधित उपचारांसाठी ३ वर्षं थांबायचं. पत्नी आणि मुलीला मात्र कोणतीच जादा अट लागली नाही. तोवर त्यांची साखर ताब्यात ठेवणं, हे आता त्यांचं आणि माझं काम.