पाइपाचा ओनामा

पाइप ओढणारा मनुष्य विचारवंत दिसतो, एवढ्याच कारणाने पुष्कळ जण तो हाती धरतात, असा आमचा जुना संशय आहे. परंतु पहिल्या आठवड्यातच जीभ पोळते आणि विचारवंताचा चेहरा उतरतो. दोष बहुधा तंबाखूचा नसून घाईचा असतो. सिगारेटप्रमाणे भराभर झुरके घेतले की दमट तंबाखूची वाफ होते आणि तीच जिभेला चटका देते.

उत्तम पाइप ब्रायरचा, म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीचा. आमच्या सीमाभागात निपाणीला पिकतो तो तंबाखू मुख्यतः बिडीचा. पाइपाला व्हर्जिनिया वा बर्ली लागतो. भरण्याची रीत जाणत्यांनी मोठी नामी सांगितली आहे : पहिला थर बालकाच्या हाताने, दुसरा स्त्रीच्या, तिसरा पुरुषाच्या. पहिली काडी केवळ वरचा थर फुलविण्यापुरती. तो हलकेच दाबून मग दुसरी ओढावी. मध्येच विझला तर पुन्हा पेटवावा, त्यात कमीपणा नाही.

धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच खेळवायचा. म्हणून तो निरुपद्रवी, असे शौकीन सांगतात. हे मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही. ओठांचा, जिभेचा, घशाचा कर्करोग धूर छातीत उतरण्याची वाट पाहत नाही, आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात शिरते.

ओढून झाल्यावर पाइप पूर्ण निवू द्यावा, नळी तारेच्या काकड्याने पुसावी व एक दिवस त्यास विश्रांती द्यावी. पुष्कळांचा उत्साह येथेच मावळतो. आम्हांस त्याचे दुःख होत नाही.