उपाशीपोटी किती पयशीन भो?

आमच्या नशिराबादकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी होते, डाळीची डाय होते आणि पळणारा पयतो. वरचा प्रश्न हायवेच्या कडेला चहाची टपरी लावणारे एक आबा पहाटे पळायला निघालेल्या प्रत्येक पोराला विचारतात. उत्तराची अपेक्षा नसते, पोरंही हसून पुढे जातात. पण मला विचाराल तर लांब पल्ल्याच्या सरावाबद्दल यापेक्षा नेमका प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

आमच्या भागात पळणारे दोन प्रकारचे. एक आमच्यासारखे, चाळिशीच्या आसपास पोट सुटायला लागल्यावर बूट विकत घेऊन पळायला लागलेले. डॉक्टर, बँकवाले, शिक्षक, व्यापारी. यांच्याकडे घड्याळ असतं, कमरेला पाण्याच्या बाटल्यांचा पट्टा असतो, खिशात जेलची पाकिटं असतात, आणि कोणत्या किलोमीटरला काय प्यायचं याचं कोष्टक मोबाईलमध्ये असतं. दुसरे म्हणजे भरतीची पोरं. पोलीस भरती, अग्निवीर, एसआरपी. पहाटे पाचला तरसोदच्या बाजूला किंवा साकेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला उभं राहिलं तर कळेल की आपल्यासारखा एक असतो तेव्हा ही पोरं दहा असतात. आणि यातली बरीचशी आदल्या रात्रीच्या जेवणावर, एक घोट पाणीही न पिता, आठ-दहा किलोमीटर पळून येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की लांब पळताना काय खावं-प्यावं याबद्दलचं सगळं ज्ञान पहिल्या प्रकारच्या माणसांसाठी लिहिलं जातं, आणि त्याची खरी गरज दुसऱ्यांना आहे.

या पोरांशी बोललात तर तीन गोष्टी ऐकायला मिळतात. पळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, म्हणून प्यायचं नाही. रिकाम्या पोटी पळालं की दम वाढतो. आणि केळं खाल्लं की पेटके येत नाहीत. पहिल्या दोन गोष्टी कुठल्या तरी जुन्या पैलवानी शिस्तीतून आल्या असाव्यात. आणि हा काही फक्त आपला अडाणीपणा नाही हं. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन झाली ती ऑगस्टमधल्या भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावरून, आणि आयोजकांनी पाण्याची सोय मुद्दामच जवळजवळ ठेवली नव्हती. ३२ जण निघाले, १४ पोचले. जिंकलेल्या थॉमस हिक्सने वाटेत पाणी मागितलं तर त्याच्या माणसांनी पाणी न देता नुसतं तोंड पुसलं, आणि पुढे अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिकनीन असा काढा दिला. स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्याचं विष! शहाण्यासुरत्या लोकांनी केलेला उद्योग आहे हा.

मग पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागायच्या आधीच प्या, जितकं जाईल तितकं प्या, असं सांगणं सुरू झालं, आणि ते सांगण्यात पेयं विकणाऱ्यांचाही फायदा होता. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुण धावपटू गेली ती पाण्याअभावी नाही, जास्त प्यायल्यामुळे. रक्तातलं सोडियम इतकं पातळ झालं की मेंदूला सूज आली. त्याच शर्यतीतल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं गेलं होतं. २००५ साली तो अभ्यास छापून आला. त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. हे कोण होते? चार-चार तासांहून जास्त वेळ रमतगमत पळणारे, प्रत्येक टेबलावर थांबून पिणारे, पळून आल्यावर ज्यांचं वजन वाढलं होतं असे. म्हणजे बघा, पळून आल्यावर वजन वाढलं तर खुश व्हायचं कारण नाही, आणि कमी झालं तर तो चरबी गेल्याचा पुरावा नाही. ते पाणी असतं. वजनात एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला आणि तितका भरून निघाला नाही. पळण्याआधी आणि नंतर वजन करणं ही या विषयातली सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा आहे. धान्याच्या दुकानातला काटाही चालतो.

पाण्यावरून आठवलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या मॅरेथॉननंतर ओ. पी. जैशा कोसळली आणि परत आल्यावर तिने सांगितलं की वाटेत भारताची टेबलं रिकामी होती. महासंघाने आरोप फेटाळला. त्याच शर्यतीत आपल्या नाशिक जिल्ह्यातली, सावरपाड्याची कविता राऊतही पळाली होती. तिने आपल्यापुरतं सांगितलं की तिला विचारणा झाली होती, तिनेच नको म्हटलं. कोण खरं यात मी पडत नाही. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. ऑलिम्पिकच्या पातळीवरसुद्धा 'वाटेत काय प्यायचं' हा प्रश्न शर्यतीच्या आधी कागदावर सुटलेला नसू शकतो. मग साकेगावच्या रस्त्यावरच्या पोराने काय करावं?

आता थोडा हिशोब. एका किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या मुलाला किलोमीटरला साठ. अंगात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंमध्ये चारेकशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम, एकूण दोन हजार कॅलरीच्या आसपास. भागाकार केला की साधारण ३३ किलोमीटर येतात, आणि मॅरेथॉनवाले ज्याला 'भिंत' म्हणतात ती तिथेच असते. आता तुम्ही म्हणाल, मग दहा किलोमीटरला कशाला काळजी? कारण हा हिशोब टाकी भरलेल्या माणसाचा आहे. यकृतातला साठा रात्रभर मेंदूला पोसण्यात निम्म्याहून जास्त संपतो. त्यात पोरगं काल संध्याकाळीही पळालेलं, दिवसभर बापाबरोबर शेतात राबलेलं, रात्री दीड भाकरीवर झोपलेलं. त्याची टाकी भरली कधी होती? सातव्या किलोमीटरला डोळ्यापुढे अंधारी येते तेव्हा तो 'माझा स्टॅमिना कमी आहे' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी पळतो. स्टॅमिना नाही रे बाबा, भूक आहे ती.

रिकाम्या पोटी पळण्याचे काही फायदे जाणकार सांगतात हे मला माहीत आहे. ते हळूहळू, थोडा वेळ, आणि दिवसभर पोटभर जेवणाऱ्या माणसाने पळण्याबद्दल आहे.

केळ्याचं तिसरं म्हणणं अर्धं खरं आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आपल्याला तिचा अभिमान आहे, आणि केळ्यात पोटॅशियम असतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणजे साधं मीठ. लिटरभर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम, पोटॅशियम त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचं. पेटक्यांचं कारण तर बऱ्याचदा मिठातही नसतं, थकलेल्या स्नायूत असतं. केळं खायचं ते त्यातल्या साखरेसाठी. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. दीड तासाच्या वर पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. म्हणजे तासाला दीड-दोन केळी, किंवा एक केळं आणि सुपारीएवढे दोन-तीन गुळाचे खडे. जेलच्या एका पाकिटातही साधारण तेवढीच साखर असते आणि त्या किमतीत आमच्याकडे डझनावर केळी येतात. जेल सोयीचं आहे, खिशात चेंगरत नाही, एवढं मान्य.

एक मात्र आहे, पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा काही खाल्लं की पोट बंड करतं. उसाच्या रसाचंही तसंच. गुऱ्हाळावर पळता पळता थांबून ग्लासभर रस पिणारे मी पाहिलेत. रसात साखर इतकी घट्ट की ती पोटातून लवकर सरकत नाही, पुढचे दोन किलोमीटर डचमळतं. पळून झाल्यावर प्या, चिमूटभर मीठ टाकून, स्वर्ग आहे.

आणि पाण्यात काय? इथे मला दिलीप महालनबीस यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा या डॉक्टरने मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि असंख्य माणसं वाचली. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि मागोमाग पाणी ओढून नेतात, एवढंच त्यातलं शास्त्र. २०२२ मध्ये ते गेले, २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या लांब पळण्याच्या बाटलीत तेच शास्त्र चालतं. लिटरभर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाटच. जाहिरातीतल्या रंगीत डब्यांवर 'ओआरएस' लिहून गोड सरबत विकलं जायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव तसं वापरायला बंदी घातली, फार उशिरा का होईना. मेडिकलमधलं खरं ओआरएस मात्र औषध आहे, त्यात लिटरला साखर साडेतेरा ग्रॅमच असते. त्याने घाम भरून निघेल, भूक नाही. केळं वेगळं खावंच लागेल.

किती प्यायचं? थंडीत तहान सांगेल तेवढं पुरतं. पण एप्रिल-मे मध्ये, जेव्हा आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पहाटेही भिंती तापलेल्या असतात, तेव्हा नवख्या पोराने नुसत्या तहानेवर सोडू नये असं माझं मत आहे. तहान त्याने इतकी वर्षं दाबलेली असते की ती वेळेवर बोलतच नाही. तासाला अर्धा-पाऊण लिटर, घोट घोट. याहून जास्त ढोसायचं नाही, बोस्टन लक्षात ठेवून.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर चाचणीत काही तरुण दगावले. बाहेरगावाहून आलेली, फुटपाथवर झोपलेली, उन्हात पळालेली पोरं. नंतर अंतर ३ किलोमीटर केलं, आता मुलांसाठी १६०० आणि मुलींसाठी ८०० मीटर आहे. १६०० मीटरमध्ये वाटेत काही प्यायचा प्रश्नच नाही, त्या पाकिटांवर भरतीच्या पोरांनी पैसे घालवू नयेत. पण सराव लांबचा असतो, आणि उष्माघात पाणी पिणाऱ्यालाही होतो. पोरगं अडखळायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर तोंडात पाणी ओतत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि त्याच वेळी कोणालातरी १०८ लावायला सांगा. थंड करायचं आधी, न्यायचं नंतर. आणि वजन उतरवायला अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून पळणारा दिसला तर तिथल्या तिथे ते काढायला लावा. वेदनाशामक गोळी खाऊन पळणाऱ्यालाही हटका, घाम गेलेल्या अंगात ती मूत्रपिंडावर उलटते.

मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून पंढरपूरला महिनाभराच्या वर चालते. प्रत्येक मुक्कामाला कोण जेवण देणार, वाटेत चहा-पाणी कुठे, हे गावांनी वाटून घेतलेलं असतं. भक्तीचा भाग आहेच, पण चालणाऱ्याला काय लागतं याचं ते पिढ्यांचं नियोजन आहे. फी घेऊन भरतीचा सराव करून घेणाऱ्या अकादम्यांच्या मैदानात मात्र मला एक साधं पिंप दिसत नाही. एका संचालकांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, पोरं नाजूक होतील." त्यांच्या स्वतःच्या हातात पाण्याची बाटली होती. असो.

पोरं उपाशी का जातात, हेही एकदा एकाला विचारलं. मला वाटलं दम वाढण्याचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "काही खायचं म्हटलं तर मायले चारला उठावं लागते दादा." मग आम्ही बसून ठरवलं की कोणाला उठवायला नको असं काय आहे. रात्रीच्या भाकरीचा काला पळण्याआधी जड होतो, तो पळून आल्यावर ताकात किंवा दुधात, गूळ घालून. निघण्याआधी दोन केळी, डब्यातल्या गुळाचा खडा, एक फुलपात्र पाणी. त्याच्या रोजच्या वाटेवर एक कापणी झालेली बाग आहे. व्यापाऱ्याने नाकारलेल्या केळीचा ढीग बांधावर पडलेला असतो, गुरांसाठी. आता तो निघताना मालकाला विचारून त्यातली चार घेतो, दोन स्वतःला आणि दोन बरोबरच्याला.