थांबा... पण दार बघून!

एक सोप्पा प्रश्न. समजा, तुम्ही भिवापूरचे शेतकरी आहात. शेतात मिरची लगडलीय, हिरवीगार. आज तोडली तर आज पैसे हातात. झाडावरच लाल होऊ दिली, मग तोडून उन्हात वाळवली, तर जास्त पैसे मिळण्याची आशा. पण मधेच अवकाळी पाऊस आला तर? रोग पडला तर? ऐनवेळी भाव कोसळला तर? बोला, तोडायची की थांबायचं?

नागपूरहून उमरेडमार्गे पुढे गेलं की येणारं भिवापूर म्हणजे मिरचीचं गाव. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. सातऱ्यांवर बायका दिवसभर लाल मिरचीची देठं खुडत बसलेल्या असतात. त्या प्रत्येक लाल ढिगामागे कुणीतरी कधीतरी ‘थांबू या’ म्हटलेलं असतं.

गंमत म्हणजे हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी एका समुद्री प्राण्याला विचारला. भिवापूरपासून समुद्र कुठल्याही बाजूनं शेकडो किलोमीटर लांब, पण प्रश्न तोच. आणि त्या प्राण्यानं दिलेलं उत्तर आपल्या ऑफिसात फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

प्राण्याचं नाव कटलफिश. नावात फिश असलं तरी हा मासा नाही, ऑक्टोपस आणि स्क्विडचा चुलतभाऊ. आठ हात, शिवाय भक्ष्यावर झेपावणाऱ्या दोन लांब सोंडा. हृदयं तीन (प्रेमात पडणाऱ्यांनी हेवा करावा!) आणि रक्त निळसर, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. कोकणात स्क्विड आणि कटलफिश, दोघांनाही सरसकट ‘माकुल’ म्हणतात. ‘फॅरो कटलफिश’ नावाची जात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येते आणि बर्फात गोठून परदेशी रवाना होते.

विदर्भात कशाला येईल हा, असं वाटतंय? आलाय की! काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं पांढरं, हलकं, खडूसारखं ‘समुद्रफेन’ पाहिलंय? किंवा लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवलेली ती पांढरी फळी? नाव समुद्राच्या फेसाचं, पण ते आहे कटलफिशच्या पाठीतलं कवच. त्यात बारीक बारीक कप्पे असतात. कप्प्यांत पाणी किती आणि वायू किती, हे कमी-जास्त करून हा पठ्ठ्या पाण्यात वर-खाली होतो. बिल्ट-इन लिफ्ट!

त्याची खरी स्टाइल मात्र कातडीत आहे. कातडीत रंगांच्या लाखो पिशव्या, आणि त्या ताणणाऱ्या स्नायूंचं कनेक्शन थेट मेंदूशी. त्यामुळे वाळूवर वाळूसारखा, खडकावर खडकासारखा व्हायला त्याला सेकंदभरही पुरतो. आणि एवढं करून साहेब स्वतः रंगांधळे! डोळ्यात रंग ओळखणारं द्रव्य एकाच प्रकारचं. आपल्याकडच्याच फॅरो कटलफिशची पिल्लं तर हात वर करून, वाकवून चक्क शंखातल्या खेकड्याची नक्कल करतात. जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे जगासमोर आणलं.

आता मूळ मुद्दा. १९७० च्या आसपास स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांवर केलेला प्रयोग तुम्ही एखाद्या तरी ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये ऐकला असेल. समोरचं मार्शमेलो आत्ता खाल्लंस तर एकच, थोडं थांबलास तर दोन. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा श्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीवर कटलफिशची परीक्षा घेतल्याचं प्रसिद्ध झालं. प्रयोगाचं ठिकाण अमेरिकेतलं वुड्स होल, परीक्षार्थी सहा.

टाकीत दोन पारदर्शक कप्पे. एकात कोळंबीचा तुकडा, म्हणजे ‘चालेल’ कॅटेगरी. दुसऱ्यात जिवंत झिंगा, म्हणजे ‘वा, क्या बात है’ कॅटेगरी! प्रत्येक दारावर एक खूण. गोल असेल तर दार लगेच उघडणार. त्रिकोण असेल तर उघडणार, पण वेळानं. चौकोन असेल तर उघडणारच नाही. या खुणा कटलफिशना आधीच शिकवलेल्या. नियम एकच : एका खाण्याकडे गेलात की दुसरं गायब.

कोळंबी गोलामागे आणि झिंगा त्रिकोणामागे ठेवल्यावर सहाच्या सहा थांबले. कोण ५० सेकंद, कोण तब्बल १३० सेकंद. काहींनी तर समोरच्या कोळंबीकडे पाठच फिरवली. डाएटवर असताना ऑफिसातल्या बर्थडे केककडे आपण पाठ करतो, तशी! या प्राण्याचं आयुष्यच जेमतेम दोन वर्षांचं. आपल्या ७५ वर्षांच्या हिशोबात मोजलं, तर त्याची ती दोन मिनिटं म्हणजे आपला सव्वा तास. शिवाय, जे जास्त वेळ थांबू शकले, ते दुसऱ्या एका चाचणीत नव्या गोष्टी शिकण्यातही पुढे निघाले.

हा संयम त्याच्याकडे आला कुठून? संशोधकांचा अंदाज असा की हा प्राणी दिवसाचा बराचसा वेळ रंग लपवून गप्प बसलेला असतो. खायला हलला की वेषांतर मोडतं, आणि वेषांतर मोडलं की मोठ्या माशाच्या तोंडी जायची भीती. मग फालतू घासासाठी जीव धोक्यात कशाला घालायचा? बाहेर पडायचंच, तर चांगल्या घासासाठी!

इथपर्यंतची गोष्ट बॉसला फार आवडेल. ‘बघा, त्या माकुललासुद्धा पेशन्स आहे, आणि तुमची पिढी?’ म्हणूनच गोष्टीचा उरलेला भाग पाठ करून ठेवा.

प्रयोगाच्या दुसऱ्या फेरीत तोच जिवंत झिंगा चौकोनाच्या दारामागे ठेवला. दिसतोय, पण दार काही उघडायचं नाही. तेव्हा हेच संयमी महाशय थांबले नाहीत. सरळ वळले आणि कोळंबी खाऊन मोकळे झाले. कुणी त्यांना उतावळे म्हटलं नाही. उलट, शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं हाच तर पुरावा होता, की हा प्राणी नुसता बसून राहत नाही, विचार करून थांबतो.

माणसाच्या पोरांचंही तेच. २०१२ मध्ये रोचेस्टर विद्यापीठाच्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी मार्शमेलोचा प्रयोग जरा बदलून केला. काही मुलांना आधी चित्रकलेसाठी चांगलं सामान आणून देतो असं सांगितलं आणि खरंच आणून दिलं. काहींना तसंच सांगितलं आणि हात हलवत परत आले. मग मार्शमेलो ठेवलं. शब्द पाळलेला पाहणारी मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसलेली मुलं तीन मिनिटं. मुलांचा संयम तोच, फरक पडला तो समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दामुळे.

आता भिवापूरच्या त्या शेतकऱ्याकडे पुन्हा बघा. त्यानं हिरवी मिरची तोडून विकली, तर त्याला दूरदृष्टी नाही असं आपण एसीत बसून म्हणणार का? लाल मिरचीचं दार उघडेलच याची खात्री त्याला देतंय कोण? भाव टिकला, साठवायला जागा मिळाली, पाऊस पडल्यावर विम्याचे पैसे वेळेवर आले, तर तोही थांबेल. लाल होईपर्यंत काय, वाळेपर्यंत थांबेल.

आणि तुम्ही? ‘या वर्षी बजेट टाइट आहे, पुढच्या अप्रेझलला नक्की बघू’ हे वाक्य यंदा कितव्यांदा ऐकलंत? थांबणं हा गुण आहेच, वादच नाही. नोकरी दर सहा महिन्यांनी बदलायची आणि ईएमआयवर दर वर्षी नवा फोन घ्यायचा, यालाही काही कर्तबगारी म्हणत नाहीत. पण थांबायच्या आधी दारावरची खूण नीट वाचा. त्रिकोण असेल तर बिनधास्त कोळंबीकडे पाठ करा. चौकोन असेल तर बॉस, उगाच संयमाचे पुतळे होऊ नका.

दोन वर्षांचं आयुष्य मिळालेल्या प्राण्याला एवढं कळतं. आपल्याकडे तर रिटायरमेंटपर्यंत वेळ आहे... म्हणूनच बहुतेक आपण चौकोनासमोर इतकी वर्षं बसून राहतो!