विश्लेषण : शिडाची बोट मुलांना आत्मविश्वास कसा देते?

‘घाबरू नकोस, तुला जमेल’ असे कितीही सांगितले तरी भीती जात नाही. ती जाते स्वतः करून बघितल्यावर. शिडाची बोट चालवण्याचे प्रशिक्षण, म्हणजेच ‘सेल ट्रेनिंग’, नेमकी हीच संधी देते.

हा प्रकार काय आहे?

इंजिनाऐवजी वाऱ्यावर बोट चालवायला शिकणे. लहान मुले ‘ऑप्टिमिस्ट’ या जेमतेम २.३ मीटर लांबीच्या बोटीवर शिकतात. ती एकट्याने चालवायची असते. तरुणांसाठी मोठी शिडाची जहाजे असतात. युरोपात १९५६ पासून होणाऱ्या ‘टॉल शिप्स’ शर्यतींचा तर नियमच आहे : जहाजावरचे किमान निम्मे लोक १५ ते २५ वर्षांचे हवेत.

आत्मविश्वास कुठून येतो?

बोट थेट वाऱ्याच्या दिशेने जात नाही. नागमोडी वळणे घेतच पुढे जावे लागते. वळण चुकले की शीड फडफडते, बोट थांबते. चूक लगेच दिसते आणि सुधारताही येते. गुण नाहीत, ओरडा नाही.

दुसरे, बोट उलटणे हाही धड्याचाच भाग. तळाच्या फळीवर वजन टाकून ती सरळ करायला शिकवतात. जिची धास्ती होती तीच गोष्ट एकदा निस्तरली की मूल बदलते. मोठ्या जहाजावर तिसरी गोष्ट घडते : दोर एकाने सोडला तर सगळ्यांचे काम अडते. आपल्यावाचून अडते, हे पहिल्यांदा कळते.

अर्थात लाइफ जॅकेट, पोहण्याचा सराव आणि सोबत सुरक्षा बोट हवीच. प्रशिक्षकाने दर मिनिटाला सुकाणू हातात घेतले, तर मात्र यातले काहीच घडणार नाही.

भारतात काय चित्र आहे?

नौदलाचे ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज १९९७ पासून सेवेत आहे. ते गोव्यात बांधले गेले. ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये गोवा ते गोवा अशी पृथ्वीप्रदक्षिणा २५४ दिवसांत केली. त्याआधी त्यांनी ‘म्हादेई’वर सराव केला होता. धाडस असे टप्प्याटप्प्याने तयार होते.

मग सामान्य मुलांचे काय?

खरी अडचण इथेच आहे. एनसीसीच्या नौदल शाखेत शिडाची बोट शिकता येते, पण तिथे पोहोचणारे थोडे. खासगी क्लब अनेकांच्या खिशाला परवडत नाहीत. इतका लांब किनारा असूनही आपल्या बहुतेक मुलांसाठी समुद्र म्हणजे सहल आणि सेल्फी.

समुद्रच हवा असेही नाही. एनडीएचे छात्र खडकवासल्याच्या जलाशयात शीडनौकानयन शिकतात. राज्यात धरणे भरपूर आहेत. सुरक्षित जलाशय निवडून काही शाळांनी मिळून चार बोटी आणि एक प्रशिक्षक ठेवला, तरी सुरुवात होईल. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांवर पालक आणि शाळा खर्च करतातच. त्यातला थोडा पाण्याकडे वळवून बघायला काय हरकत आहे?